फुकटात पाहिलेलं मिठागर

माझ्या सासूबाई म्हणायच्या, हिच्या हातावर देवाचा प्रसाद ठेवला तरी ही आधी त्यात खडा आहे का ते बघेल. त्या हयात असताना मला याचा राग यायचा. आता कळतं की त्यांनी फार वाढवून सांगितलं नव्हतं. दुकानदार वजन करताना मी त्याच्या हाताकडे बघत नाही, काट्याच्या खाली बघते. कुणी विनाकारण गोड बोललं की त्या दिवशी मला जेवण गोड लागत नाही. माझ्या या स्वभावामुळे घराचं आणि आमच्या गटाचं अनेकदा भलं झालं. एकदाच वाईट झालं, तेही आमचं नाही. म्हणून ते लिहून ठेवते.

रोहा तालुक्यात, खांब गावाच्या अलीकडे आमचं गाव. भात आणि त्यामागून वाल, एवढीच शेती. आम्ही बारा जणी मिळून पापड करायचो. हिशेब एक सुशिक्षित सून ठेवायची आणि माल पारखायचं काम माझ्याकडे. उडदाची डाळ, पापडखार, मिरी, मीठ, काहीही आलं की आधी माझ्या हाताखालून जायचं. पाकिटावर आम्ही छापलं होतं, ‘पेणचे घरगुती पापड’. पेण आमच्यापासून चांगलं लांब, पण पेणच्या पापडाला गिऱ्हाईक असतं आणि रोह्याकडच्या पापडाला कुणी विचारत नाही. यात आम्हाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

माघ महिन्यात एक दिवस पेणहून एक गृहस्थ आले. चाळिशीचे असतील. खोचलेला शर्ट, हातात प्लॅस्टिकची फाइल. म्हणाले, खाडीकाठी एक जुनं मिठागर आहे, पणजोबांच्या काळापासूनचं. तिथे एक दिवसाची सहल सुरू करतोय. माहिती सांगायला माणूस असेल, जेवण असेल, मिठात पाय घालून फोटो काढता येतील. पहिली सहल तुमच्या गटाची, अगदी फुकट. बदल्यात तुम्ही वहीत अभिप्राय लिहायचा आणि बाकीच्या गटांना सांगायचं.

मी विचारलं, “फुकट का?”

त्यांनी सरळ सांगितलं. ती जमीन दुसऱ्या एका मालकाची होती. मालकाला ती कोळंबीच्या तळ्यांसाठी द्यायची होती, माणसं विचारून गेली होती. या गृहस्थांनी त्याच्याकडून एका हंगामाची मुदत मागून घेतली होती. मिठागर चालू आहे आणि ते बघायला माणसं येतात, एवढं दाखवता आलं तर जमीन यांच्याकडे राहणार होती. मग ते बांध दुरुस्त करणार होते. पिढ्यान्‌पिढ्या तिथे मीठ पिकवणारं एक म्हातारं जोडपं होतं, त्यांचं कामही चालू राहणार होतं. नाही जमलं तर पावसाळ्याआधी तिथे तळी खणली जातील.

सगळ्या बायका हळहळल्या. मी नाही. अनोळखी माणूस दारात येऊन इतकं खरं बोलायला लागला की मला वाटतं कुठेतरी पाणी मुरतंय. म्हाताऱ्यांची गोष्ट सांगितली की बायकांचं मन विरघळतं, हे याला कुणीतरी शिकवलेलं दिसतंय, असं मी मनात म्हटलं. जायचं मात्र मी ठरवलं. माझ्याशिवाय या अकरा जणींना त्याच्या गाडीत बसवणं मला पटलं नसतं.

महिनाभराने एका सकाळी मिनी बस आली. नागोठणं गेलं, गडब गावात चहासाठी थांबलो. चहा त्यांनीच पाजला. मी माझ्या चहाचे पैसे मीच दिले, तर शेजारची मैत्रीण म्हणाली, “अगो, चहात काय घालणार तो? मीठ?” डोलवीच्या कंपनीच्या चिमण्या मागे पडल्या आणि मग बस हमरस्ता सोडून खाडीच्या बाजूला वळली. रस्ता संपला तिथे बांध सुरू झाला. एका बाजूला खाडीचा चिखल, दुसऱ्या बाजूला चौकोनी वाफे. शेवटचे दोन वाफे पांढरेशुभ्र होते आणि त्यांच्या कडेला मिठाची एक रास. बायका मोबाईल काढून धावल्या. ते गृहस्थही खूश दिसत होते. “मागे दिवाळीत आलो होतो तेव्हा इथे नुसतं पाणी होतं,” ते मला म्हणाले. “मागच्या आठवड्यात बघतो तर हे. बघितलंत ना?”

मी बघत होतेच.

माहिती सांगायला तो म्हातारा होता. काळा, काटक, गुडघ्यापर्यंत धोतर. पाय मिठाच्या पाण्याने फुटलेले, टाचांना भेगा. हा माणूस खरा आहे, हे मला त्या पायांवरून पटलं. त्याने सांगितलं, उधाणाच्या भरतीला बांधातली उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, वर करायची, खाडीचं पाणी आत घ्यायचं. पहिल्या तळ्यात ते उन्हाने तापायचं, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. शेवटच्या वाफ्याची जमीन महिनाभर पायांनी तुडवून कठीण करायची. पाणी आटत आटत आलं की त्यात मीठ धरायचं. त्याची बायको शेजारी उभी राहून, तो काही विसरला की हळूच सांगायची.

सांगत होता चांगलं, पण तुटक. पाठ केल्यासारखं. तुडवणीचं सांगताना त्याचे हात आपोआप हलत होते, चेहऱ्यावर रंग आला होता. समोरच्या मिठाकडे बोट दाखवायची वेळ आली की मात्र तो खाली बघायचा. मला वाटलं, या गृहस्थांनी त्याला काहीतरी शिकवून उभं केलंय आणि बिचाऱ्याच्या अंगवळणी पडत नाहीये.

मग त्याने लांब दांड्याचं लाकडी फावडं घेतलं आणि मीठ कसं ओढतात ते दाखवलं. कोपऱ्यातलंच ओढलं. आमच्यातल्या एकीला हौस आली. ती म्हणाली, “बाबा, मी वडू का त्या मधल्या जाग्यातलं?” त्याने घाईने फावडं मागे घेतलं.

“तिकडं नको, बाय. पाय रुततो.”

आत्ताच हा सांगत होता की वाफ्याची जमीन महिनाभर तुडवून कठीण करतात. मग पाय कसा रुततो? मी विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो, असा माझा नेहमीचा हिशेब. मी नुसती एका बाजूला सरकले आणि राशीतलं मूठभर मीठ उचलून पदराच्या गाठीत बांधलं.

ते हाताला लागलं तेव्हाच मला शंका आली होती. मोठे, कोरडे, काचेसारखे खडे. माझ्या लहानपणी भात झोडून झाला की खाडीकडच्या बायका डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन आमच्या गावात यायच्या आणि मिठाच्या बदल्यात भात आणि वाल न्यायच्या. ते मीठ बारीक, ओलसर, करड्या रंगाचं असायचं. आमची आई ते तसंच कालवणात घालत नसे. मातीच्या मडक्यात पाण्यात विरघळवून ठेवायची आणि वरची मिठवणी पळीने घ्यायची. मडक्याच्या तळाशी काळा मऊ गाळ बसायचा. तो धुताना मी कुरकुर केली की आई म्हणायची, खाडीचं मीठ हाय, खाडी थोडी तरी येणारच. पुढे पिशवीतलं मीठ आलं आणि गाळ दिसायचा बंद झाला.

जेवण मांडवाखाली होतं. भात, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, ताक. म्हातारीने केलेलं. जेवण इतकं चांगलं होतं की माझा संशय आणखी वाढला. बसायला गोणपाटं अंथरली होती. पोत्यांच्या शिवणी उसवून, छापील बाजू खाली करून. माझ्या बैठकीचा कोपरा दुमडला होता. मी तो आणखी थोडा उलटला. निळा मोर, आणि त्याखाली डोक्यावर रेघ नसलेली गुजराती अक्षरं. तो मोर मी ओळखत होते. आमच्या पापडाच्या शेडमध्ये तशी तीन पोती होती.

मी पदराची गाठ सोडली, मीठ माझ्या पाण्याच्या ग्लासात टाकलं, चमच्याने ढवळलं आणि ग्लास समोर ठेवला. मैत्रीण म्हणाली, “तू जेव गो आधी. कसली परीक्षा घेतेस?” मी जेवले आणि जेवता जेवता ग्लासाकडे बघत राहिले. म्हातारा मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता. तो जेवत नव्हता. मीठ विरघळलं. पाणी नितळ होतं. तळाशी मातीचा एक कणही नव्हता.

सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला फार आनंद झाला. महिनाभर ज्या माणसावर माझा डोळा होता तो सापडला होता. बाहेरून मीठ आणून पसरायचं, दोन गरीब म्हाताऱ्यांना पुढे उभं करायचं, मालकाला फसवायचं, आम्हाला फसवायचं आणि वर आमच्याच हाताने वहीत लिहून घ्यायचं. जेवण झाल्यावर ते गृहस्थ वही आणि पेन घेऊन मांडवाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिले आणि हसून म्हणाले, “ताई, पहिला अभिप्राय तुमचा. तुम्ही सगळ्यात बारकाईने बघितलंत.”

मी ग्लास आणि ते गोणपाट घेऊन उठले, म्हाताऱ्याच्या पुढून त्यांच्यापाशी गेले. वही घेतली नाही. ग्लास त्यांच्यापुढे धरला.

“हे मीठ इथलं नाही, भाऊ,” मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. “खाडीचं मीठ विरघळलं की खाली गाळ बसतो. यात गाळ नाही. आणि हे तुमचं पोतं. याच मोराचं मीठ आम्ही दुकानातून आणतो. आम्हाला काय खुळ्या समजलात?”

ते आधी हसले. मग त्यांनी ग्लास बघितला, पोतं बघितलं. मग राशीकडे बघितलं. माझी सगळी हयात माणसांच्या चेहऱ्यावर खोटं शोधण्यात गेली आहे, त्यामुळे खरा धक्का बसलेला चेहराही मला कळतो. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

“काका?” ते म्हाताऱ्याला म्हणाले. एवढंच.

म्हातारा उठला आणि बांधावरून चालत वाफ्यापाशी गेला. आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. बोलली ती म्हातारी. ती खाली बसली आणि जमिनीकडे बघत सांगू लागली.

“भादव्याच्या उधानाला बांध फुटला. सगला चिखल वाफ्यात आला. दोघांनी किती काढनार? तुडवला, पर जमीन बसलीच नाय. या वर्सा मीठ धरलाच नाय. तुमी दिवालीत आलाव तवा सांगनार व्हतो, पर तुमी बोललाव, मीठ दिसला पायजे, नायतर मालक आयकनार नाय. मग जावयाच्या टेंपोतून वीस पोती आनली. एक वर्साचा सवाल व्हता. बांध झाला असता तर फुडच्या वर्सा आमचाच मीठ दाखवला असता.”

ताक वाढायचं भांडं कुणीतरी बाजूला सरकवलं.

मग म्हातारीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं. “तुमच्या पापडात कंचा मीठ असता, बाय?”

मी मोराची बाजू खाली करून पोतं जमिनीवर ठेवलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हे मी दुसऱ्यांना कितीदा तरी ऐकवलं असेल.

ते गृहस्थ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. बसकडे चालताना ते माझ्याशीच बोलत होते, पण स्वतःशी बोलल्यासारखं. “मी मालकाला फोटो पाठवलेत. इथलं मीठ म्हणून. आज तुम्ही ओळखलंत. उद्या दुसरी कुणी ओळखेल आणि मोबाईलवर टाकेल. मी कुठल्या तोंडाने माणसं आणू?”

मी म्हटलं, “आम्ही कुणाला सांगणार नाही.”

“मला तर कळलं ना, ताई,” ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये गाणी झाली नाहीत. गडब आलं तेव्हा मैत्रीण माझ्याकडे न बघता म्हणाली, “चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस.” मी म्हटलं, “चोर नव्हताच कुणी.” ती म्हणाली, “तेच तर.” मला रडू आलं. मी खिडकीकडे तोंड केलं. चूक झाली की मला आधी राग येतो, दुःख मागून येतं. त्या दिवशी राग आलाच नाही.

पंधरा दिवसांनी मी एकटीच एसटीने पेणला गेले. त्या गृहस्थांचं लहानसं झेरॉक्सचं दुकान होतं, ते शोधून काढलं. मी त्यांना सांगितलं की सहली चालू करा. यंदा मीठ नाही, बांध फुटला, हेच माणसांना दाखवा. मीठ कसं करतात ते म्हातारबाबा सांगतील, लोक तेही ऐकतील. आमच्या ओळखीचे चार गट मी आणते. ते शांतपणे ऐकत होते. म्हणाले, हे त्यांनाही दोन दिवसांनी सुचलं होतं. पण तोवर त्यांनी मालकाला फोन करून खरं काय ते सांगून टाकलं होतं आणि मालकाने मुदत काढून घेतली होती. त्यांनी मला चहा मागवला. या वेळी मी पैसे पुढे केले नाहीत.

आमच्या पाकिटावरचं ‘पेणचे’ मी खोडायला लावलं. त्यावरून गटात भांडण झालं, विक्री कमी झाली, सहा महिन्यांनी बहुमताने ते परत छापलं गेलं. मी विरोधात हात वर केला, पण गट सोडला नाही. पापड लाटायचं काम तेच आणि मीठही तेच.

दिवाळी उलटल्यावर मी पुन्हा त्या खाडीवर गेले. का गेले ते मलाही नीट सांगता येणार नाही. म्हातारी भेटली नाही, ती लेकीकडे गेली होती. वाफे नव्हते. मोठी चौकोनी तळी होती, त्यांत पाणी उडवणारी चक्रं फिरत होती, वरून पक्ष्यांसाठी दोऱ्या ताणल्या होत्या. बांध मात्र नवा होता, उंच आणि पक्का. त्या बांधावर म्हातारा बसला होता. कोळंबीवाल्यांनी त्याला राखणीला ठेवलं होतं. बगळे आले की डबा वाजवायचा, एवढंच काम. त्याने मला लांबूनच ओळखलं आणि शेजारी बसायला जागा करून दिली.

मी येताना जे ठरवलं होतं ते सगळं बोलून टाकलं. माझं चुकलं, मला वाटलं तो माणूस तुम्हाला राबवून घेतोय, तुमच्या पोटावर पाय द्यायचा माझा हेतू नव्हता, असं बरंच. तो मध्ये एकदा उठून डबा वाजवून आला आणि परत बसला.

“तुमी गिलासात मीठ टाकला तवा मी बगत व्हतो,” तो म्हणाला.

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

“मना वाटला, चला, कुनाला तरी मिठातला कलतंय. आता ही बाय जेवून उठंल आनि माज्याकडं येईल. इचारंल, बाबा, ह्या मीठ कंचा. मी सांगनार व्हतो सगला. मना पन ता उरावरचा वझा झाला व्हता, बाय. खोटा मीठ दाखवाचा म्हंजे काय.” त्याने पाण्याकडे बघितलं. “तुमी उठलाव. मी पन उठाया लागलो. तुमी माज्या म्होरनं गेलाव आनि त्यांच्याकडं गेलाव.”

बगळे परत आले होते. तो डबा घेऊन उठला.